एकशे सत्तावीसच्या पुढे

आधी कबुली देते, मग बाकीचं सांगते. लातूरच्या एका छापखान्याच्या मालकाची हार्ड डिस्क मी अशी बसवून दिली की भरत आल्यावर ती स्वतःचंच डोकं खाईल. हे चुकून झालं नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. कुणाला माझा राग येत असेल तर येऊ द्या, पण पूर्ण वाचून मग या.

मालकाला सगळे अप्पा म्हणतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं लोण्यासारखं. नांदेडजवळ विष्णुपुरीला कॉम्प्युटरचं शिक्षण संपवून मी विद्यार्थी संघटनेच्या कामासाठी लातूरला आले, तेव्हा पोटासाठी अप्पांकडे मराठी टायपिंगला बसायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, क्लासवाल्यांच्या जाहिराती. आमच्या संघटनेची पत्रकंही तिथंच छापायची. अप्पांचा नियम होता की छापखान्यातून जाणारा प्रत्येक कागद ते स्वतः लाल पेनानं वाचायचे. पत्रिकेतला आत्याबाईंचा क्रम चुकला तरी त्यांना कळायचं.

आमचं काम क्लासेसच्या हॉस्टेलांमधल्या मुलींचं. एका हॉस्टेलात चार मजले, दीडशेवर मुली, आणि मागच्या जिन्याला लोखंडी जाळी. नुसती लावलेली नाही, वेल्डिंग करून डकवलेली. कारण काय, तर मुली मागून बाहेर जातात. उद्या खाली आग लागली तर त्या कुठून बाहेर जाणार, हे कुणी विचारत नव्हतं. आम्हाला ते सांगितलं चाकूरच्या एका मुलीनं. मेडिकलच्या परीक्षेसाठी आली होती, दुसऱ्या मजल्यावर राहायची. जाळीचा फोटो तिनंच काढून दिला.

पत्रक मी लिहिलं. आमच्याकडे पत्रक लिहायला शिकवणाऱ्या एक थोरल्या ताई होत्या, त्यांनी माझ्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती. विशेषण लिहू नको, पत्ता लिही. ‘भयानक’ लिहिलंस की समोरचा सुटतो, मजला लिहिलास की अडकतो. मी मजला लिहिला. आणि शिकवण अंगात इतकी भिनलेली की खोलीचा नंबरही लिहिला. ‘दुसरा मजला, खोली चौदा, येथील विद्यार्थिनी सांगते की...’ पहिल्या प्रूफच्या दोन प्रती निघाल्या. एक अप्पांनी वाचली, लाल खुणा केल्या, मला दाखवून स्वतःकडे ठेवली; दुसरी मी नेली. संध्याकाळी थोरल्या ताईंनी नंबर बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं की जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं काम ते केलं. नंबर काढला, नवीन प्रूफ काढलं, अप्पांकडचं जुनं मागितलं.

‘‘ते रद्दीत गेलं की बाई,’’ अप्पा म्हणाले.

रद्दीत गेलं नव्हतं. त्याच दुपारी हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनी ते चाकूरच्या मुलीच्या समोर टेबलावर आपटलं. अप्पांच्या लाल खुणांसकट. संध्याकाळपर्यंत तिची ट्रंक रस्त्यावर, क्लासचं ओळखपत्र जप्त, बापाला फोन. परीक्षेला एक्केचाळीस दिवस राहिले होते. हॉस्टेलवाल्या क्लासची कॅलेंडरं आणि बॅनरं अप्पांकडे असायची. एवढं गिऱ्हाईक खूश ठेवायला एक कागद पुरला.

मी त्यांच्या तोंडावर विचारलं.

‘‘मी कागद छापतो बाई,’’ ते म्हणाले, ‘‘कोन वाचतंय ते बघत न्हाई.’’

मी त्याच दिवशी काम सोडलं आणि नांदेडला परत आले. पत्रक आम्ही नंतर नांदेडला छापून लातूरला वाटलं. जाळी निघाली, तिथं दार बसलं, आणि दाराला कुलूप. तपासणीच्या दिवशी कुलूप उघडतं. ती मुलगी घरीच पुस्तकं उघडून बसली, परीक्षा दिली, थोडक्यात राहिली. आता चाकूरलाच बीएस्सी करते. ‘थोडक्यात’ हा शब्द मी पत्रकात कधी लिहिणार नाही, पण इथं लिहिते, कारण तो तिचा आहे. मला ती दुसरं काही बोलली नाही. नंबर मी लिहिला होता, हे तिलाही ठाऊक आहे.

नांदेडला मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस अप्पांचा फोन.

‘‘शरणार्थ, बाई. डिस्क कुरकुर करायली. तुझ्याबिगर कुणाला जमायचं न्हाई.’’

मला हसू आलं. पण ते म्हणत होते ते खरं होतं. अप्पांचा सगळा धंदा एका जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर. त्याला एक लॉक लागतं, काडेपेटीएवढं, जुन्या प्रिंटरच्या सॉकेटात खोचायचं. ते खोचलं नाही तर अक्षर उमटत नाही. आणि ते चालतं फक्त जुन्या विंडोज एक्सपीवर. वीस वर्षांच्या पत्रिका, पावत्या, बॅनरं, सगळं त्याच फॉन्टात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसते किडे-मुंग्या. म्हणून सगळं जग पुढं गेलं तरी लातूरच्या त्या खोलीत एक्सपी होती, आणि तिचे कुळाचार मला पाठ होते.

मी गेले. का गेले? खरं सांगते, त्यांची मान माझ्या हातात येते का ते बघायला गेले. कशी येईल ते बसमध्ये बसताना माहीत नव्हतं.

छापखाना तसाच. अप्पांनी नवी डिस्क पुढं केली. ‘‘पाचशे जीबीची आणलीय. आता मी मरेस्तोवर बघायला नगं.’’ आणि मग देवाच्या फोटोमागून सीडी काढली. त्या सीडीची मला ओळख होती. दर दसऱ्याला मशीन, कटर आणि कॉम्प्युटरच्या पूजेत ती सीडीही मांडली जायची, डबीवर भस्माची तीन बोटं. मागं एकदा कुणा मेकॅनिकनं दुसरी सीडी टाकली होती, लॉक चाललं नव्हतं, चार दिवस छापखाना बंद पडला होता. तेव्हापासून अप्पांचा विश्वास त्या एका सीडीवर. तिच्याशिवाय लॉक लागत नाही, संपलं.

सीडी अगदी पहिल्या काळातली. मी जुन्या मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्क तिला ओळखता येईल अशी केली, सीडी घातली, निळा पडदा आला. डिस्कचा आकार दिसला. एकशे सत्तावीस जीबीच्या आसपास.

अप्पा खुर्चीमागं उभे. हिशोबाला पक्के.

‘‘एकशे सत्तावीस? बाकीचं कुठं गेलं?’’

‘‘कुठं गेलं नाही. ह्या सीडीला दिसत नाही. ती निघाली तेव्हा एवढ्या मोठ्या डिस्का नव्हत्या. तिची मोजायची काठीच तेवढी. माझ्याकडे हीच विंडोज आहे, पण पुढची, दुरुस्त केलेली. तिला सगळं दिसतं.’’

‘‘अन् लॉक?’’

‘‘चालेल.’’

‘‘चालंल म्हन्जे? त्या मेकॅनिकनंबी चालंल म्हणलं व्हतं.’’

‘‘मग एकशे सत्तावीसवर थांबा. तुमचं सगळं काम साठ जीबी आहे. लई दिवस पुरेल.’’

‘‘वा. एकरभर रान घ्यायचं अन् गुंठ्यात पेरायचं.’’ ते माझ्या शेजारी बसले. ‘‘डीलर म्हणला, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून आधी तुकडे पाडून घ्या. मग ही सीडी टाकली तरी सगळं दिसतंय. खरं हाय का?’’

‘‘दिसतं,’’ मी म्हणाले.

‘‘मग कर की.’’

इथं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. दिसतं, पण लिहिता येत नाही. जुन्या स्कूटरचं मीटर असतं ना, शेवटच्या आकड्यापर्यंत गेलं की पुन्हा शून्यावर येतं, तसं. डिस्कवर एकशे सत्तावीसच्या पुढं काही लिहायची वेळ आली की ही जुनी विंडोज ते पुढं लिहीत नाही, पहिल्या पानावर जाऊन लिहिते. जिथं ती स्वतः बसलेली असते त्याच्या उरावर. तोपर्यंत काही कळत नाही. सगळं झकास चालतं. मग एक दिवस मशीन उठतच नाही.

हे वाक्य मी बोलणारच होते. कितीही झालं तरी मी हे काम शिकलेली बाई आहे. तेवढ्यात अप्पांनी चहा मागवला आणि सहज, पावसापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं,

‘‘ती चाकूरची पोरगी काय करायली गं? लागली का कुठं मेडिकलला?’’

मी वाक्य गिळलं. चहाबरोबर.

‘‘तुम्ही म्हणाल तसं करते,’’ मी म्हणाले.

डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली, दोन तुकडे पाडले. चाळीसचा पहिला, विंडोजसाठी, आणि उरलेला चारशे पंचवीसचा कामासाठी. मग परत जुन्या मशीनमध्ये लावून त्यांचीच सीडी. लॉक खोचलं. अक्षर उमटलं. जुन्या डिस्कवरचं सगळं काम नव्या तुकड्यात ओतलं, आणि तेवढ्यानं ती जुनी कायमची बंद पडली.

‘‘चारशे पंचवीस अन् चाळीस. पाचशे न्हाई झाले,’’ अप्पा म्हणाले.

‘‘घट असतेच.’’

‘‘डाळीत असती तशी,’’ ते हसले आणि सीडी कपाळाला लावून फोटोमागं ठेवली.

परतीच्या बसमध्ये मी हिशोब केला. विंडोजचे चाळीस, कामाचे साठ, झाले शंभर. उरले सत्तावीस. लग्नपत्रिका हलक्या असतात. बॅनरं जड. पत्रिकांवर वर्ष निघेल, पण जूनमध्ये निकाल लागतात आणि क्लासवाल्यांची बॅनरं येतात. पोरांचे फोटो, खाली गुण, वर क्लासच्या सरांचा हात जोडलेला फोटो, पोरांपेक्षा मोठा. जून, मी मनात म्हणाले. चाकूर आलं, गाडी थांबली, सुटली. मी उतरले नाही. झाल्याशिवाय तिला सांगण्यासारखं काय होतं?

सात महिने मी ही गोष्ट सांभाळली. काही लोकांना सूड घेताना झोप लागत नाही म्हणतात. मला छान लागायची. दुकानात कुणी मोठी डिस्क घेऊन आलं की मी त्याला नीट समजावून सांगायचे, जुनं काही टाकायचं असेल तर कुठं थांबायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे. अप्पांना चिठ्ठी दिली नव्हती एवढंच.

जूनमध्ये, निकालाच्या आठवड्यात, फोन आला.

‘‘बाई, काळा पडदा आलाय नुसता.’’

गेले. खोलीत त्याच हॉस्टेलवाल्या क्लासचा माणूस बसलेला. चौकाचौकात लावायची बॅनरं त्याला दुपारी हवी होती, आणि समोरच्या क्लासची तर सकाळीच झळकली होती. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, ‘‘सर, छापखानावालाच बुडाला.’’ मला बघून उठला आणि निघून गेला. त्यानं मला ओळखलं का माहीत नाही. मी त्याला ओळखलं.

डिस्क काढून मी माझ्या लॅपटॉपला जोडली, पडदा माझ्याकडे करून. झालं होतं ते अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं झालं होतं. त्या आठवड्याची बॅनरं एकशे सत्तावीसच्या पुढं गेली होती, म्हणजे पुढं गेलीच नव्हती. विंडोजच्या उरावर जाऊन बसली होती. विंडोज मेली, बॅनरंही मेली. मागचं काम, वीस वर्षांचं, जागच्या जागी होतं. पत्रिका न् पत्रिका.

‘‘गेलं का सगळं?’’ अप्पांनी विचारलं. आवाज एकदम म्हाताऱ्याचा.

मी लॅपटॉप मिटला. ‘‘बॅनरं गेली. बाकीचं निघेल. मी काढू शकते.’’

ते खाली बसले. मग त्यांना काहीतरी उमगलं असावं. अप्पा मूर्ख नाहीत.

‘‘असं व्हतंय म्हणून तुला ठावं व्हतं का?’’

‘‘होतं.’’

‘‘मग सांगायचं.’’

‘‘तुम्ही मला सांगितलं होतं, कागद देतोय म्हणून?’’

 बाहेर ऑटोवाले भांडत होते.

‘‘मी कुणाला बुडवायला कागद दिला न्हवता गं,’’ ते म्हणाले. ‘‘काय पायजे तुला?’’

‘‘चाकूरला चला. तिच्या घरी. कागद मी दिला म्हणून तिच्या तोंडावर सांगा. डिस्क माझ्याजवळ राहील.’’

त्यांनी धोतराचा सोगा सावरला, टोपी घातली आणि म्हणाले, ‘‘चल.’’ एवढ्या लवकर तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. मला ते आवडलंही नाही. ओढत न्यायची तयारी करून आले होते.

तिच्या वडिलांची शेती आहे आणि घरालगत पिठाची गिरणी. आम्ही गेलो तेव्हा ते पिठानं पांढरे झालेले, भुवयासुद्धा. अप्पांना बघून त्यांनी पट्टा थांबवला, हात झटकले.

‘‘या, या. तुम्हीच की आमच्या थोरलीची लग्नपत्रिका छापली व्हती. लई सुंदर छापली व्हती, पाव्हणे अजून नाव काढत्यात.’’

 हे मी धरलंच नव्हतं. खाट टाकली, पाणी आलं, चहा आला. मुलगी दारात उभी. अप्पांनी चहा हातात धरून, न पिता, सांगितलं. फिरवलं नाही, हे मान्य करते. ‘‘तो कागद मी दिला. तुमच्या पोरीला बाहेर काढलं ते माझ्यामुळं.’’

वडील पिठाच्या हातानं गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, ‘‘जाऊ द्या अप्पा. झालं ते झालं. तुम्ही घरी आलात, ह्यात आलं.’’ आणि आत हाक मारली. तिच्या आईनं आतून काय आणावं? टॉवेल आणि टोपी. घरी आलेल्या मोठ्या माणसाला रिकामं पाठवायचं नाही. वडिलांनी अप्पांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, टोपी हातात दिली, कुंकू लावलं. आणि अप्पांनी ते घेतलं. मान खाली घालून, पण घेतलं.

मी तिथं उभी राहून जळत होते. बापानं पोरीच्या वतीनं माफ करून टाकलं, टॉवेल-टोपीत. पोरीला विचारलं कुणी? तिच्या परीक्षेचं वर्ष त्याचं होतं का, द्यायला?

मी बॅगेतून डिस्क काढली आणि तिच्या हातात दिली. ‘‘ह्यांचं वीस वर्षांचं काम ह्यात आहे. मी दोन दिवसांत काढून देऊ शकते. देऊ का?’’

तिनं डिस्क उलटीपालटी करून बघितली, बाजारात वांगं बघावं तशी. मग अप्पांना विचारलं,

‘‘त्या कागदात माझ्या खोलीचा नंबर व्हता. तुम्ही वाचला व्हता का देताना?’’

अप्पांनी टॉवेलाकडं बघितलं. ‘‘हाव. वाचला व्हता. मी सगळं वाचतो.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘‘ताई, तुम्हाला बी ठावं व्हता नंबर.’’

‘‘होता,’’ मी म्हणाले.

‘‘मला घरी आणून सोडलं तवापासून पेपरापर्यंत एक्केचाळीस दिवस व्हते. ह्यांना तेवढे द्या. कॉम्प्युटरबिगर.’’

‘‘असं बोलू न्हाई पाव्हण्याला,’’ वडील म्हणाले.

‘‘मी त्यांना बोललेच न्हाई. ताईला बोलले.’’ तिनं डिस्क माझ्या हातात ठेवली आणि आत गेली.

चाकूरच्या स्टँडवर अप्पा लातूरच्या गाडीला उभे राहिले, मी नांदेडच्या. टॉवेल घडी करून त्यांनी काखेत धरला होता. ‘‘लग्नाच्या उरलेल्या तारखा सगळ्या ह्या एक्केचाळीसात बसत्यात,’’ ते एवढंच म्हणाले. मी कॅलेंडर बघितलं नव्हतं. तिनंही नाही.

डिस्क माझ्या दुकानातल्या कपाटात आहे. माझ्याकडची सीडी तयार आहे, दुरुस्त केलेली, एकशे सत्तावीसच्या पुढंही नीट लिहिणारी, आणि अप्पांचं लॉक मागवून ते तिच्यावर चालतं हे मी तपासून ठेवलंय. बसवीन तेव्हा चोख बसवीन. काम ते काम. पण तारीख माझी नाही, तिची आहे, आणि माझ्या हातून तिच्या तारखा एकदा चुकल्यात, पुन्हा चुकणार नाहीत.

अप्पा रोज सकाळी दुकान उघडायच्या वेळेला फोन करतात. आजही आला.

‘‘किती झाले?’’

‘‘सव्वीस.’’

‘‘पंधरा राहिले म्हण.’’

‘‘पंधरा.’’

‘‘चार दिवस कमी कर की बाई. एक पत्रिका अडलीय. चांगलं घर हाय, ओळखीचं.’’

‘‘त्यांना दुसरा छापखाना सांगा,’’ मी म्हणाले. ‘‘तिला दुसरी परीक्षा नव्हती.’’

आणि फोन ठेवून शटर वर केलं.